पाचव्या मुलीचे आकडे

ताई,

फोन कारखान्याच्या गेटवर आला. शिपाई सायकल मारत पोहण्याच्या तलावावर आला आणि म्हणाला, "दीदी, वर्धा से ट्रंक कॉल है." मी ओल्या केसांनीच धावत गेली. मावशीचा मुलगा बोलत होता, पण लाइन इतकी खराब की त्याला ओरडावं लागलं. "शैलाताई गेल्या! डॉक्टरताई, डॉक्टरताई गेल्या!" मी नुसती "हो, हो" करत राहिली, जसा काही तो गाडीची वेळ सांगत होता. फोन ठेवल्यावर गेटवरच्या बाबूनं विचारलं, "कौन थीं आपकी?"

काय सांगावं, ताई? बहीण म्हणावं तर तुम्ही कुठल्या, मी कुठली. डॉक्टर म्हणावं तर मी कधी तुमची पेशंट नव्हती. शेवटी तोंडातून निघालं, "हमारा खून लेती थीं." तो माणूस माझ्याकडे पाहतच राहिला. तुम्ही असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. मी मात्र तलावावर परत येईपर्यंत मान खाली घालून चालली.

आता तुमच्या कॉलेजातले लोक तुमच्या आठवणींचं पुस्तक काढून राह्यले. त्यांनी निरोप पाठवला, तुमच्या अभ्यासासाठी पोहणाऱ्या आम्हा पाच मुलींपैकी कोणी लिहीत असेल तर लिहा. बाकीच्या चौघी होस्टेलच्या मुली शिकलेल्या, त्या चांगलं लिहितील. मी आठवीतून शाळा सोडलेली. इथं बंगालमध्ये राहून माझी मराठी हिंदीत मिसळली, हिंदी बंगालीत मिसळली. तरी लिहिते, कारण एक गोष्ट माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि ती तुमच्या हातांबद्दलची आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वर्ध्याला मुलींच्या होस्टेलच्या स्वैपाकघरात वांगी चिरत होती. मावशी तिथं स्वैपाकीण, मी तिच्या हाताखाली. तुम्ही दारात उभ्या राहून विचारलं, "ती तलावात सगळ्यांच्या पुढे जाते ती मुलगी हीच का?" मावशीला वाटलं माझी तक्रार आली. ती म्हणाली, "बाई, आता नाई जाणार थे. मी सांगून देतो तिले."

"जाऊ द्या हो तिला," तुम्ही म्हणाल्या. "मला ती हवीच आहे."

मी कोणाला तरी हवी आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या शब्दावर मी किती दिवस काढले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही समजावून सांगितलं की तुम्हाला मोठा अभ्यास करायचा आहे. माणूस जीव तोडून पोहतो तेव्हा त्याच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो की नाही, हे मोजायचं. मला काही समजलं नाही. मग तुम्ही विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" मी सांगितलं, आर्वीकडं नदीवर डोंगा चालवतात, आम्ही भोई. तुमचे डोळे एकदम चमकले. "मग झालं तर! रक्त म्हणजे डोंगा समज. फुप्फुसाच्या घाटावर प्राणवायू बसतो, हातापायांच्या घाटावर उतरतो. तू जोरात पोहतेस तेव्हा डोंगे भरून निघतात की अर्धे रिकामे, एवढंच मला पाहायचंय."

मी म्हटलं, "रिकामा डोंगा कोन्ही नेत नाई, ताई. सवारी नसली त बाबा बिडी पेत बसूनच राह्यते."

हे वाक्य तुम्ही पुढे किती लोकांना सांगितलं असेल!

आम्ही पाच मुली होतो. तुम्ही आमच्या कानाच्या पाळीला तो झोंबणारा मलम चोळायच्या, कान तापून लाल झाला की मग पोहायला सोडायच्या. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, जेवढा जोर असेल तेवढा लावून. भिंतीला हात लागला रे लागला की तुम्ही वरून वाकून पाळीला सुई टोचायच्या, थेंब बारीक काचेच्या नळीत ओढून घ्यायच्या, नळीची तोंडं बंद करून बर्फात ठेवायच्या. मग बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षानं कॉलेजात, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राकडे. हवेचा एक बुडबुडा गेला तर नमुना वाया, बर्फ वितळला तर वाया. वर्ध्याचा उन्हाळा, आणि तुम्ही त्या डब्याला तान्ह्या लेकरासारखं पदरात घेऊन बसायच्या. पोहणं तर तुम्हाला येत नव्हतंच. काठावर वाकताना एका हातानं शिडी घट्ट धरून ठेवायच्या, आणि आम्ही चिडवलं की म्हणायच्या, "मी डॉक्टर आहे, बेडूक नाही."

संध्याकाळी मावशी माझा लाल कान पाहून विचारायची, "कोनं पिरगाळला तुहा कान?" मी म्हणायची, "सायन्सनं." आणि तुम्ही दिलेलं उकडलेलं अंडं तिला दाखवायची. अर्धं तिला द्यायची. ती अंडं खात नव्हती, पण ते अर्धं खायची.

मग आकडे आले. चौघींचे एकसारखे. दमून दमून त्यांचे पाय उचलत नव्हते, एक तर काठावर ओकली, तरी रक्त भरलेलंच. तुम्हाला त्याचंच नवल. "बघ, माणूस मरणाचा दमतो, तरी डोंगे भरलेले!" फक्त माझे आकडे वेडेवाकडे. कधी चौघींसारखे चांगले, कधी इतके खाली की तुम्ही यंत्रच पुन्हा जुळवून घेतलं. रक्तसुद्धा कधीकधी काळपट दिसायचं, मलाही दिसायचं. तुम्ही आधी स्वतःलाच दोष दिला. बुडबुडा गेला असेल, बर्फ कमी पडला असेल, माझा हात हलला असेल. दुसरा कोणी असता तर आधी माझ्यावर ओरडला असता.

त्याच दिवसांत या कारखान्याची जाहिरात आली होती. महिलांचा पोहण्याचा संघ काढणार, निवड झाली की पक्की नोकरी. शिक्षणाची अट नव्हती. डॉक्टरचा दाखला मात्र पाहिजे होता, की मुलगी धडधाकट आहे. माझ्यासारखीला अशी जागा जन्मात एकदा दिसते. मी धावत तुमच्याकडे कागद घेऊन आली. तुम्ही तो वाचला, टेबलावर ठेवला आणि पेन उघडलं नाही.

"वच्छला," तुम्ही म्हणाल्या, "हृदयाला भोक असलं तर असे आकडे येतात. नसेलही. पण तपासल्याशिवाय मी सही कशी करू? पाण्यात काही झालं तर?"

"ताई, मले काही नाई झालं. मी नदी पार करतो."

"नागपूरला दाखवू आपण. मी येते बरोबर."

तुम्ही प्रेमानं म्हटलं. मला ऐकू आलं फक्त भोक. त्या दिवशी भाजी चिरताना मी मनात हिशेब लावत होती. नागपूरला नेलं की गावात कळणार, कळलं की नोकरी तर गेलीच, लग्नही गेलं. आणि खरं सांगू, ताई? मला थोडं थोडं माहीत होतं. आकडे का पडतात ते नव्हतं माहीत. पण मी पाण्यात काय करते ते माझं मला माहीत होतं. त्याचा आणि रक्ताचा संबंध असेल असं मात्र मनात आलं नाही. श्वास कोंडला तर छाती दुखते, एवढंच मला कळत होतं. त्यानं कानातलं रक्त काळं होतं हे कोण सांगणार?

तुम्हीच शोधून काढलं. वहीतले आकडे समोर ठेवून तुम्हाला दिसलं की मी उथळ टोकाकडून खोल टोकाकडे गेली की आकडा खाली, आणि तिकडून इकडे आली की चांगला. हृदयाचं भोक जाताना उघडं आणि येताना बंद, असं कसं होईल? दुसऱ्या दिवशी तुम्ही टोकाला थांबल्याच नाहीत. तुम्ही जाऊन तलावाच्या लांब बाजूच्या भिंतीजवळ उभ्या राहिल्या, जिथं पानठेल्यावरची माणसं येऊन बसायची, पेपर वाचायचं निमित्त करून आम्हाला पाहायची. त्यांच्यात पदर खोचून उभी राहिलेली एक डॉक्टरीण! त्यातला एक जण उठून तुम्हाला जागा द्यायला लागला, म्हणे, "बसा ना मॅडम." तुम्ही म्हणाल्या, "मी पाहायला आले आहे, बसायला नाही." आणि मला ओरडून सांगितलं, "सोड!"

मी खोल टोकापर्यंत गेली. तुम्ही कपडे बदलायच्या खोलीत मागोमाग आल्या.

"जाताना तू एकदाही तोंड वर काढलं नाहीस."

मी टॉवेल पिळत राहिली.

"एकदाही नाही. येताना काढतेस. श्वास तू उजवीकडेच घेतेस ना? जाताना तुझ्या उजवीकडे ती माणसं असतात. येताना या खोल्यांची भिंत असते." मग एकदम तुमचा आवाज बदलला. "अगं, म्हणजे तुझं हृदय धड आहे! तू वेडी, तू सगळं अंतर श्वासच घेत नव्हतीस!" आणि तुम्ही मला ओलीचिंब तशीच मिठीत घेतलं. तुमची साडी भिजली. तुम्हाला किती आनंद झाला होता! मला इतकी शरम वाटली की तुम्ही मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"पण काऊन गं?" तुम्ही आमच्याच बोलीत विचारलं. "काऊन घेत नाहीस?"

मी केसांचं पाणी झटकत बाहेर निघाली.

दुपारी, भिंतीवर कोणी नसताना, तुम्ही मला तेच अंतर तसंच पोहायला लावलं. मी श्वास घेत गेली. आकडा चौघींच्या रांगेत येऊन बसला. मग तुम्ही दाखल्यावर सही केली. माझी नोकरी, हे घर, महिन्याच्या महिन्याला गावी जाणारी मनिऑर्डर, धाकट्या भावाचं शिक्षण, सगळं त्या सहीतून आलं. त्याबद्दल मी तुमच्या पाया पडली, ते तुम्हाला आवडलं नाही.

पण सहीच्या आधी आपलं भांडण झालं होतं.

"हे मला लिहायलाच हवं," तुम्ही म्हणाल्या. "इतकं स्पष्ट! तीच मुलगी, तोच हौद, श्वास नाही तर आकडा खाली, श्वास आहे तर वर. हे तर माझ्या सगळ्या अभ्यासाचं मीठ आहे."

"नका लिवू, ताई."

"नाव नाही घालणार."

"पाच पोरी आहेत. चार होस्टेलच्या. पाचवी कोन, थे अख्ख्या वर्ध्याले मालूम आहे."

"आणि कळलं तर? त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटली. मला वाटलं विषय संपला. तो संपला नव्हता, तो तुम्ही स्वतःवर घेतला होता. तुमच्या मोठ्या सरांनी विचारलं की पाचव्या मुलीचे खालचे आकडे कुठं गेले, तेव्हा तुम्ही सांगितलं, "नमुने बिघडले, सर. बर्फ वितळला. माझी चूक." आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हा बायकांच्या हातात बर्फसुद्धा टिकत नाही." ते तुम्हीच मला हसत हसत सांगितलं, नक्कल करून, हात थरथरवून. मीही हसली. हसताना तोंडावर हात धरला.

त्यानंतर मी इकडे आली. सुरुवातीला रोज रात्री रडायची, भाताचा नि मोहरीच्या तेलाचा वास सहन होत नव्हता. तुमचं पोस्टकार्ड यायचं, त्यात सल्ला असायचा, पेरू खा, कान फुटला तर तेल घालू नको. मी दर सुट्टीत तुमच्याकडे यायची, आणि तुम्ही दर वेळी तोच वाद उकरून काढायच्या. मागच्या वेळी तर चिडल्याच. "शरम रक्तात उतरते, वच्छला. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मोजलं, आणि मला ते लिहिता आलं नाही. निदान मला एकदा कारण तरी सांग." मी म्हटलं, "चहा थंडा होते, ताई." तुम्ही कप उचलला, पण प्यायल्या नाहीत. तुम्ही तिथं शिकवणाऱ्या मोठ्या बाई झाल्या होत्या, तरी अजून कोणी ना कोणी चेष्टेत म्हणायचं, बर्फाचं काम शैलाबाईंना देऊ नका. हे मला मावशीच्या मुलानं सांगितलं होतं. मला ते माहीत असून मी चहाचं बोलली.

कारण आज सांगते.

नदीत आम्ही डोकं वर ठेवून पोहतो. तोंड मिटलेलं, रस्त्यानं चालावं तसं. त्यात काही दिसत नाही. तलावावर पी.टी.च्या मास्तरांनी नवी रीत शिकवली. तोंड पाण्यात घालायचं, हाताबरोबर मान वळवायची आणि पाण्याच्या कडेला तोंड वाकडं उघडून हवा ओढायची. पहिल्याच आठवड्यात भिंतीवरचा एक जण मला पाहून ओरडला, "पाह्य पाह्य, भोयाची मरळ वर आली!" आणि सगळे तोंडं वासून माझी नक्कल करायला लागले. तुम्हाला मरळ माहीत नसेल, ताई. ती मासोळी पाण्यात राहते, पण तिला वर येऊन हवा गिळावी लागते. आमचे बाबा काठावर तेवढ्याचीच वाट पाहत बसायचे. तोंड वर आलं की भाला. बाबा म्हणायचे, मरळ कधी मूर्खपणानं मरत नाही, श्वासापायी मरते. मी त्यांच्या शेजारी बसून लहानपणी किती मरळा पाहिल्या. उघडलेलं तोंड, आणि मग भाला. भिंतीवरून तो शब्द आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काठावर आता दुसरे बसले आहेत आणि पाण्यात मी आहे. जातही त्यांनी त्याच शब्दात ओढून बाहेर काढली. त्या बाजूला माझं तोंड उघडेना. मी ठरवलं नव्हतं. ते उघडतच नव्हतं.

तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही त्या भिंतीवर जाऊन त्यांना फाडून खाल्लं असतं. मग गावभर गेलं असतं. त्यापेक्षा तुमच्या हातातला बर्फ वितळला तेच मला बरं वाटलं. याची मला शरम वाटते, आणि ही शरम त्या जुन्या शरमेपेक्षा जड आहे.

म्हणून जे हे पुस्तक वाचतील, तुमचे विद्यार्थी, तुमच्या बरोबरचे डॉक्टर, आणि वाचत असतील तर ते मोठे सर, त्यांना मी, वच्छला, भोयाची मुलगी, पाचवी मुलगी, सांगते. बर्फ वितळला नव्हता. नळीत बुडबुडा नव्हता. ताईंचा हात हलला नव्हता. सगळे आकडे खरे होते. श्वास मी घेतला नव्हता.

हे लिहिलं आणि वाटलं, बस, झालं. पण झालं नाही. कारण मी इथं मुलींना शिकवते, बाहेरच्या पुरुषांना दिसू नये म्हणून चारी बाजूंनी कापडी कनात लावतात त्या वेळेत. स्वतः पोहते तीही त्याच वेळेत. संघाच्या शर्यती संपल्यापासून इतकी वर्षं मी दुसऱ्या वेळी पाण्यात उतरलेली नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

काल संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर उतरली. तेव्हा कुंपणाशी सायकली लावून कामगार उभे असतात, आणि ती बाजू जाताना उजवीकडे येते. तिसरा हात मारतानाच मान वळवली, तोंड उघडलं, तेवढ्यात घाईनं श्वास ओढला आणि पाणी सरळ नाकात. मधली दोरी धरून खोकत राहिली. कुंपणावरून कोणी ओरडलं, "अरे देखो, सिखानेवाली दीदी डूब रही है!" सगळे हसले. नाक गळत होतं, तोंड उघडं, जीभ बाहेर, डोळ्यांतून पाणी. दोन्ही हात दोरीला, तोंड झाकायचं तर बुडावं लागलं असतं. त्यांनी सगळं पाहिलं.

मग मी दोरी सोडली आणि उरलेलं अंतर पोहली. सगळ्या हातांना जमलं नाही. पण चार-पाच वेळा त्यांच्याकडे तोंड करून श्वास घेतला. शरम तितकीच वाटली, ताई, कणभरही कमी नाही. पण खोल टोकाच्या भिंतीला हात लागला तेव्हा छाती दुखत नव्हती. दम बाकी होता.